मुळाशी हात घालण्यापूर्वी

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांतून एक विषय पुनःपुन्हा डोकावू लागला आहे. एक माता विचारतात, ‘‘मुलगा फोन रूट करतो म्हणतो, करू द्यावा काय?’’ दुसरे एक वाचक लिहितात की, पुतण्याने फोनवर निराळे सॉफ्टवेअर चढविले आणि तेव्हापासून पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह तेवढे उगवते, मावळते आणि पुन्हा उगवते. त्यापुढे काही होत नाही. तिसऱ्या पत्रात प्रश्न नाही, नुसता संताप आहे. वास्तविक आमचा व्यवसाय व्याकरणाचा आणि वृत्तांचा. परंतु शाळेतील मुलांच्या संगतीत राहणाऱ्यास त्यांची भाषा शिकावीच लागते, आणि गेली काही वर्षे त्या भाषेत ‘बूटलोडर’, ‘रिकव्हरी’, ‘रॉम’ हे शब्द विभक्तिप्रत्ययांसह सुखाने नांदत आहेत. तेव्हा या खेपेस त्यांचाच विचार करू.

मुले या उद्योगास का लागतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा आपल्या भागातील किती कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठी फोन घेतले, ते आम्ही जवळून पाहिले आहे. त्यांपैकी पुष्कळ फोन आजही धडधाकट आहेत. काच शाबूत, आवाज स्वच्छ, बॅटरी बऱ्यापैकी. परंतु स्वस्त फोनांना सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविण्याचे काम उत्पादक बहुधा दोन-तीन वर्षांत थांबवितात. त्यानंतर नवी अ‍ॅप्स एकेक करून तोंड फिरवू लागतात. यंत्र झिजलेले नसते. त्याला वाली उरलेला नसतो. अशा पोरक्या यंत्रास नवी कार्यप्रणाली देऊन आणखी काही वर्षे चालवावे, ही इच्छा उधळेपणाची खासच नव्हे. उलट जुन्या लुगड्याची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांच्या वृत्तीशीच तिचे नाते आहे. दोष इच्छेत नाही; असलाच तर तो घाईत आहे.

आता ‘रूट’ म्हणजे काय? अँड्रॉइड ही कार्यप्रणाली लिनक्सच्या गाभ्यावर उभी आहे, आणि लिनक्सने आपले रीतिरिवाज युनिक्सकडून घेतले आहेत. त्या रिवाजानुसार यंत्रातील प्रत्येक वापरकर्त्यास एक क्रमांक असतो. शून्य क्रमांकाचा जो वापरकर्ता, त्याचे नाव रूट, म्हणजे मूळ. त्याला कोणतीही फाइल वाचण्याची, बदलण्याची आणि पुसण्याची मुभा असते. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला वेगळा क्रमांक देऊन आपापल्या खोलीत बसविलेले असते. एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकावू नये, अशी योजना असते. फोन विकत घेणारे आपणही या वाड्यात एका परीने भाडेकरूच. रूट करणे म्हणजे मूळ मालकाचा जुडगा हस्तगत करणे. तो जुडगा हाती आला की कोणतीही खोली उघडते हे खरे; पण आपण ज्या अ‍ॅपला तो देऊ, त्यालाही ती उघडते, हे विसरता कामा नये.

या वाड्याच्या दिंडी दरवाज्यावर एक देवडीवाला बसलेला असतो. त्याचे नाव बूटलोडर. फोन सुरू होताच प्रथम तो जागा होतो आणि आत येऊ पाहणाऱ्या प्रणालीवर उत्पादकाची सही आहे की नाही, ते पाहतो. सही नसेल तर तो वाट अडवितो. म्हणून पहिली पायरी म्हणजे देवडीवाल्यास मोकळे करणे, अर्थात बूटलोडर उघडणे. दरवाज्याशेजारी ‘रिकव्हरी’ नावाची एक लहान खोली असते. मुख्य घर नादुरुस्त झाले तरी तेथून साफसफाई करता येते आणि नवी प्रणाली आत आणता येते. ती जी नवी प्रणाली, तिलाच मुले ‘कस्टम रॉम’ म्हणतात.

या परंपरेलाही आता इतिहास आहे. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. २००९ मध्ये सायनोजेनमॉड नावाची स्वतंत्र प्रणाली सुरू झाली आणि जगभरच्या हौशी मंडळींनी ती आपापल्या फोनांसाठी घडविली. २०१६ च्या अखेरीस ती बंद पडली आणि तिच्याच संहितेतून लिनिएजओएस उभी राहिली. त्याच वर्षी मॅजिस्क हे साधन आले. पूर्वीची साधने मुख्य प्रणालीच्या भागातच फेरफार करीत. मॅजिस्क तो भाग अस्पर्श ठेवून केवळ आरंभीच्या प्रतिमेत, म्हणजे ‘बूट इमेज’मध्ये, आपली जागा करून घेते. आज रूट म्हटले की बहुधा याच मार्गाचा अवलंब होतो.

अडचणींकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ठळकपणे सांगावयास हवी, कारण तिच्यावर उपाय नाही. बूटलोडर उघडताच फोनमधील सर्व खाजगी माहिती पुसली जाते. ही खोड नसून संरक्षण आहे. तसे नसते तर चोराने फोन पळवावा, देवडीवाल्यास मोकळे करावे आणि आतील पत्रे-छायाचित्रे निवांत वाचावीत, असे झाले असते. गेल्या वर्षी आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी फोन घेऊन आला होता. फोन उत्तम चालत होता, नवी प्रणाली देखणी होती. ‘‘सर, यातलं जुनं परत आणता येईल काय?’’ एवढेच त्याने विचारले. त्या फोनमध्ये त्याच्या दिवंगत आजोबांच्या आवाजातील भजनांचे ध्वनिमुद्रण होते, आणि ते दुसरीकडे कोठेही नव्हते. आजच्या फोनांत माहिती सांकेतिक रूपाने साठविलेली असते. पुसताना त्या संकेताची किल्लीच नष्ट होते. म्हणून दुकानदार काहीही सांगोत, असे गेलेले परत येत नाही. मुलगा हुशार होता. पडद्यावरील सूचना त्याने वाचलीही होती. फक्त ‘सर्व माहिती’ या दोन शब्दांत आजोबाही येतात, हे त्याच्या ध्यानी आले नव्हते. त्याची आजी अजून तो फोन उशाशी घेऊन निजते, असे तो म्हणाला. आम्हांस त्यावर काही बोलता आले नाही.

तेव्हा आरंभी छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, संपर्क, संदेश सारे संगणकावर उतरवून घ्यावे, आणि उतरविलेले खरोखर उघडते की नाही, हेही पाहावे. बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. मूळ प्रणालीची कंपनीने दिलेली संपूर्ण प्रत आधीच उतरवून ठेवावी. परतीची वाट माहीत नसताना घाटात शिरू नये. उतरविलेल्या प्रत्येक फाइलची ‘शा-२५६’ ही बेरीज प्रकाशकाने दिलेल्या बेरजेशी ताडून पाहावी. एक अक्षर जरी निराळे निघाले तरी ती फाइल टाकून द्यावी.

आता अडचणी क्रमाने पाहू.

पहिली अडचण संगणकास फोन न दिसण्याची. आज्ञा द्यावी आणि ‘उपकरणाची प्रतीक्षा’ एवढेच उत्तर यावे. येथे नवखा मनुष्य फोन बिघडला असे समजून घाबरतो. बहुधा दोष दोरीचा असतो. कित्येक केबली केवळ वीज वाहतात, माहिती वाहत नाहीत. केबल बदलून पाहावी. मग संगणकाचे दुसरे छिद्र वापरून पाहावे. नव्या यूएसबी ३ पेक्षा जुन्या यूएसबी २ च्या जागी काम पुष्कळदा सुरळीत होते. त्यानंतर विंडोजमधील ड्रायव्हर तपासावा. फोन चालू असताना संगणक ओळखतो, पण फास्टबूट अवस्थेत ओळखत नाही, असेही घडते; कारण त्या अवस्थेस ड्रायव्हर निराळा लागतो. स्वस्त उपाय आधी आणि महाग उपाय शेवटी, हा क्रम सोडू नये.

दुसरी अडचण कुलूप न उघडण्याची. फोनच्या माहितीत ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकले म्हणजे विकसकांसाठीचे पर्याय प्रकट होतात, त्यांत ‘ओईएम अनलॉकिंग’ असते. ते फिकट दिसत असेल तर फोन काही काळ इंटरनेटला जोडलेला ठेवावा. काही कंपन्या मुद्दाम थांबवितात. शाओमीच्या फोनांवर १६८ तासांची मुदत कित्येक वर्षे रूढ होती आणि पुढे अटी अधिकच कडक झाल्या. ह्वावेने तर २०१८ मध्ये कुलपाचे संकेतांक देणेच थांबविले. सॅमसंगच्या ज्या फोनांत नॉक्स ही सुरक्षाव्यवस्था आहे, त्यांत परकी प्रणाली शिरताच आतील एक सूक्ष्म फ्यूज कायमचा जळतो. नंतर मूळ प्रणाली घातली तरी तो पूर्ववत होत नाही, आणि सुरक्षित कप्प्यासारख्या सोयी गेल्या त्या गेल्याच. म्हणून आपल्या मॉडेलाचे नियम आधी पाहावेत. पैसे घेऊन दुरून कुलूप उघडून देतो म्हणणाऱ्यांच्या हाती आपला संगणक सोपवू नये.

तिसरी अडचण नामसाम्याची. रेडमी नोट ४ या एकाच नावाचे दोन फोन निघाले. २०१६ मध्ये चीनमध्ये आलेला मीडियाटेकच्या चिपचा आणि २०१७ च्या आरंभी भारतात आलेला स्नॅपड्रॅगन ६२५ चा. जाणकारांत पहिल्यास ‘निकेल’ आणि दुसऱ्यास ‘मिडो’ हे संकेतनाम आहे. एकाची प्रणाली दुसऱ्यास घालणे म्हणजे एकाच आडनावाच्या दोन रोग्यांच्या बाटल्या बदलणे होय. रिकव्हरीत ‘एरर ७’ असे उत्तर येते, ते पुष्कळदा याच कारणाने. फाइल म्हणते, मी या फोनसाठी नाही. काही धीट मंडळी फाइल उघडून ती तपासणीची ओळच खोडून टाकतात. परीक्षक अडवितो म्हणून परीक्षकासच घालवून देण्यासारखे ते आहे. संकेतनाम जुळत असूनही हे उत्तर आले, तर रिकव्हरी किंवा फोनचे मूळ फर्मवेअर जुने आहे काय, ते पाहावे.

चौथी अडचण साठवण शून्य दिसण्याची. टीडब्ल्यूआरपीसारख्या रिकव्हरीत गेल्यावर फोनची जागा शून्य मेगाबाइट दिसते, किंवा फोल्डरांची नावे अर्थहीन अक्षरांची होतात. फोन मेलेला नाही. संकेतबद्ध माहिती त्या रिकव्हरीस उलगडत नाही इतकेच. माहिती आधी उतरवून घेतली असेल, तर ‘फॉरमॅट डेटा’ निवडून तेथे ‘यस’ असे लिहावे आणि रिकव्हरी पुन्हा सुरू करावी. याच जागी आणखी एक चकवा आहे. संगणकावरून ‘साइडलोड’ पद्धतीने प्रणाली पाठविताना आकडा पुष्कळदा ४७ टक्क्यांवर थांबतो. काम अर्धवट राहिले असे वाटून मुले केबल उपटतात. त्या क्षणी संगणकाकडे न पाहता फोनच्या पडद्याकडे पाहावे; तेथे यश लिहिलेले असेल तर काम पूर्ण झालेले असते.

पाचवी आणि सर्वांत प्रसिद्ध अडचण बोधचिन्हाच्या फेऱ्यांची. हिलाच ‘बूटलूप’ म्हणतात, आणि आमच्या दुसऱ्या पत्रलेखकांच्या पुतण्याची व्यथा हीच दिसते. प्रथम थांबावे. नव्या प्रणालीस पहिल्यांदा उभे राहण्यास दहा-पंधरा मिनिटेही लागू शकतात. त्यानंतरही तेच चालले, तर कारणे थोडीच असतात. जुन्या प्रणालीची माहिती न पुसता नवी वर घातली असेल, तर रिकव्हरीत जाऊन ती पुसावी. गूगलच्या अ‍ॅप्सचा संच अँड्रॉइडच्या दुसऱ्या आवृत्तीचा असेल, किंवा प्रणाली एकदा सुरू झाल्यानंतर घातला असेल, तर सारे पुसून प्रणाली आणि योग्य संच लागोपाठ घालावेत आणि मगच फोन सुरू करावा. मॅजिस्कचे एखादे मॉड्यूल घातल्यानंतर फेरे सुरू झाले असतील, तर फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा, तसे करताच मॅजिस्क सर्व मॉड्यूले निष्क्रिय करते. आणि रूट करताक्षणीच फेरे लागले असतील, तर बूट इमेज फोनमधील प्रणालीच्या नेमक्या त्याच क्रमांकाची होती काय, ते पाहावे. नसेल तर अस्सल बूट इमेज फास्टबूटमधून परत घातली की फोन बहुधा जागेवर येतो. अँड्रॉइड १३ सह बाजारात आलेल्या बऱ्याच फोनांत हे काम ‘बूट’ऐवजी ‘इनिटबूट’ या भागात करावे लागते. जुन्या सूचनेवर विसंबणारे येथे फसतात.

सहावी अडचण फोनचा फोनपणाच नाहीसा होण्याची. पडदा सुरेख, इंटरनेट वेगवान, पण कॉल लागत नाही. जिओची सेवा २०१६ साली सुरू झाली ती केवळ ४जी जाळ्यावर. तिच्यातील संभाषण व्होल्टी पद्धतीने होते. नव्या प्रणालीत त्या फोनपुरती व्होल्टीची सोय नसेल, तर कार्ड जागेवर असूनही घंटा वाजत नाही. म्हणून प्रणाली निवडतानाच तिच्या उणिवांची यादी वाचावी. याहून गंभीर प्रकार आयएमईआय हा पंधरा आकडी क्रमांक पुसला जाण्याचा. तारा-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून तो दिसतो; आधी लिहून ठेवावा आणि ज्या भागात तो राहतो त्या भागाची प्रतही काढून ठेवावी. आपल्याच प्रतीवरून आपलाच क्रमांक परत आणणे ही दुरुस्ती होय; परंतु भलताच क्रमांक घालणे आपल्या देशात कायद्याने गुन्हा आहे.

सातवी अडचण बँकेची. पैसे पाठविण्याची आणि बँकांची पुष्कळ अ‍ॅप्स सुरू होताना फोनची चौकशी करतात. पूर्वी ती सेफ्टीनेट या पद्धतीने होई. आता तिच्या जागी प्ले इंटिग्रिटी आहे. केवळ बूटलोडर उघडा असला, रूट केलेले नसले, तरी उत्तर प्रतिकूल जाऊ शकते. यास चुकविण्याच्या क्लृप्त्या मुले शोधतात. आज चालतात, उद्या बंद पडतात. ज्या घराचा रोजचा भाजीपाला आणि गॅसचे पैसे एकाच फोनवरून जातात, त्या घराने हा उंदीर-मांजराचा खेळ खेळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राहता राहिला तो सर्वथा निश्चल पडलेला फोन. बोधचिन्ह दिसते किंवा फास्टबूट उघडते, तोवर त्यास मृत म्हणू नये. मूळ प्रणाली पुन्हा घातली की तो उठतो. ज्या फोनांत प्रणालीचे दोन समांतर कप्पे असतात, तेथे दुसरा कप्पा चालू करूनही कधी काम भागते. पडदा पूर्ण काळा, आणि क्वालकॉमच्या चिपचा फोन संगणकावर केवळ ‘९००८’ या आकड्याने ओळख देत असेल, तर प्रकरण जाणकाराकडे न्यावे. ही वेळ बहुधा दोन कारणांनी येते. एक, मागची आवृत्ती घालण्याचा हट्ट. शाओमीच्या काही फोनांत २०१८ पासून उतरत्या आवृत्तीस बंदी करणारी व्यवस्था आहे आणि ती ओलांडताच फोन निपचित पडतो. दुसरे, परकी प्रणाली आत असतानाच बूटलोडर पुन्हा बंद करणे. देवडीवाला जागा होतो, सही पाहतो, ओळखीची सही दिसत नाही, आणि दरवाजा मिटून घेतो. कुलूप पुन्हा लावायचे तर अस्सल प्रणाली आधी परत घातली पाहिजे.

या साऱ्या अडचणींच्या मुळाशी पाहिले तर तंत्र थोडे आणि शिस्त अधिक, असे दिसून येते. प्रयोगशाळेत आम्ही मुलांना सांगतो की एका वेळी एकच घटक बदला आणि निरीक्षण वहीत लिहा. येथेही तोच नियम. रात्री अकरानंतर, एकदम चार फाइली घालून, कोणती कशानंतर घातली हे न लिहिता जो फोन बंद पडतो, त्याचे निदान करणे कोणासही अवघड. सूचना शेवटपर्यंत वाचून मग पहिली पायरी चढणारा मुलगा सहसा अडकत नाही. अडकला तरी परत येतो. आणि जो परत येतो, तो यंत्राविषयी जे शिकतो ते आमच्या पाठ्यपुस्तकात नाही, हे कबूल केले पाहिजे.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या मातेस आमचे उत्तर असे. घरात एकच फोन असेल आणि त्यावर बँक, वडिलांचे काम व धाकट्याचा अभ्यास चालत असेल, तर नाही म्हणावे. कपाटात पडलेला, निवृत्त झालेला फोन असेल तर तो मुलाच्या हाती अवश्य द्यावा. मात्र देण्यापूर्वी त्याला चार प्रश्न विचारावेत. या फोनचे संकेतनाम काय? मूळ प्रणालीची प्रत कोठे ठेवली आहेस? आयएमईआय वहीत लिहिलास काय? आणि यात कोणाचे काय आहे, ते घरातल्या प्रत्येकास विचारलेस काय? पहिल्या तिन्हींची उत्तरे तो झटकन देईल. चौथ्यासाठी त्याला उठून आजीकडे जावे लागेल. तेवढे जाऊन आला, म्हणजे खुशाल आरंभ करू द्यावा.